नकाशावरची बारावी ओळ

या सदरात लोक आपापले अनुभव लिहितात ते मी नियमाने वाचतो, आणि खरे सांगायचे तर बहुतेक वेळा अर्ध्यावर सोडून देतो. जुन्नरच्या कचेरीच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली टेबल टाकून मी सव्वीस वर्षे अर्ज लिहीत आलो. शिक्षण नववीपर्यंत, परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेमुळे परत आला, असे एकही उदाहरण तालुक्यात सापडणार नाही. करणी झाली, भानामती झाली, त्याविरुद्ध अर्ज लिहून द्या म्हणणारी माणसे माझ्याकडेही आली. त्यांना मी एकच उत्तर दिले – ज्याचे नाव, वय आणि राहण्याचे ठिकाण सांगता येत नाही, त्याच्याविरुद्ध अर्ज होत नाही. आजही माझे मत तेच आहे. तरीही पुढील हकिकत लिहीत आहे. ती लिहिताना मला भीती वाटत नाही, शिसारी येते. कोणाची, ते वाचणाऱ्याने ठरवावे.

डिंगोऱ्याच्या हौसाबाई या विधवा बाई. यजमान दोन वर्षांपूर्वी आजारपणात वारले. धाकटा दीर किसन आणि हौसाबाई यांच्यात जमिनीचे आपसात वाटप ठरले होते. शिवारात विहीर एकच, आणि ती किसनच्या वाट्यात जात होती. म्हणून चार माणसांसमोर असे ठरले की पूर्वेच्या बांधालगत आठ फुटांची वाट हौसाबाईंना विहिरीपर्यंत राहील आणि पाण्याची निम्मी पाळी त्यांची. ही वाट नसेल तर बाईंच्या वाट्याचे रान म्हणजे नुसती पडीक माती. इतकी साधी गोष्ट.

माझी पद्धत अशी की अर्ज थोडक्यात लिहायचा आणि वाटपाच्या सर्व अटी सोबतच्या नकाशावरच, कडेला, टीप म्हणून घालायच्या. दोन्ही पक्षांच्या सह्या-अंगठे नकाशावर. त्याआधी सगळा मजकूर मी मोठ्याने वाचून दाखवतो आणि शेवटी लिहितो – ‘वाचून दाखवला, समजला, मान्य.’ खाली माझे नाव. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी माझा आवाज हाच कागद असतो. हे मी अभिमानाने सांगत असे.

कच्चा मजकूर मी हाताने लिहून ठेवला होता. बारा ओळी. दुसऱ्या दिवशी सकाळी किसन एकटाच आला. तोंडात गुटखा. टेबलाशी येऊन त्याने प्रथम झाडाच्या बुंध्यावर लाल पिचकारी मारली, ती माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर ओघळली, आणि मग तो स्टुलावर बसला.

“भाऊसाहेब, ती वाटंची वळ… ती लिवायची न्हाई.”

“चौघांत ठरलेले आहे. बाई विचारतील.”

“वहिनीला वाचाया येतं का?” तो हसला. दातांच्या फटींत तांबडा चोथा. “तुमी वाचताना वाचा की! वाचाया कुणी आडवलंय? फकस्त लिवू नगा. कागद गप ऱ्हातो.”

मी कच्चा कागद उलटा करून ठेवला. तेव्हा तो जवळ सरकला. त्या दिवसांत आवारातली आमची टेबले उठवायचे चालले होते. कोणाला राहू द्यायचे याची यादी ज्याच्या हातात होती तो किसनचा साडू होता.

“यादीत तुमचं नाव ऱ्हाईल. झाड तुमचंच ऱ्हाईल. लई वर्सं बसलाय राव तुमी हितं.”

येथे मी लिहिले पाहिजे की मी त्याला हाकलून दिले. मी तसे केले नाही. मी म्हणालो, “बघू.” आमच्या धंद्यात ‘बघू’ म्हणजे हो, हे त्याला ठाऊक होते. जाताना त्याने पुन्हा थुंकून झाडाला रंग दिला.

नकाशे मी जुन्या स्टँडजवळ रुक्सानाच्या दुकानात काढून घेतो. ही मुलाण्यांची सून. नवऱ्याचे वेल्डिंगचे दुकान, शेजारीच हिचे कॉम्प्युटरचे. कॅडमध्ये, म्हणजे आराखड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, नकाशा काढण्यात तिचा हात धरणारी तालुक्यात दुसरी नाही. बांध, विहीर, गटाच्या हद्दी तिने आधीच काढून ठेवल्या होत्या. राहिला होता टिपांचा मजकूर. मी नेहमीप्रमाणे कच्च्या कागदावरून एकेक ओळ सांगत गेलो आणि ती एकेक ओळ स्वतंत्र टाइप करत गेली. स्टॅम्पपेपरवर आम्ही ओळ संपली की उरलेल्या जागेत आडवी रेघ मारतो, म्हणजे मागाहून कोणी शब्द घुसडू नये. त्याच विचाराने मी तिला बजावून ठेवले होते की प्रत्येक ओळ वेगळी हवी आणि शेवटी रेघ हवी. कॅडमध्ये याला सिंगल लाइन टेक्स्ट म्हणतात. प्रत्येक ओळ सुटी, आपापल्या जागी, एकीचा दुसरीशी संबंध नाही.

सातव्या, वाटेच्या ओळीशी आल्यावर मी उजव्या हाताची तर्जनी त्या ओळीवर आडवी ठेवली आणि आठवी ओळ सांगितली. रुक्साना स्क्रीनकडे बघत होती. तिला काहीच कळले नाही. कच्चा कागद मी तिथेच चार तुकडे करून खिशात टाकला आणि बाहेर चहावाल्याच्या शेगडीत घातला. जळताना स्वतः पाहिला.

परत आलो तेव्हा तिने मोठ्या कागदावर प्रिंट काढली होती. अकरा ओळी, स्वच्छ.

“काका, पण हा कागद फाईलला लागणार नाही. ए-फोर पाहिजे ना? लहान केला तर अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात, आणि मोठी केली तर ओळी चौकटीच्या बाहेर जातात.”

“मग?”

“या सगळ्या सुट्या ओळी एकत्र करते. मल्टीलाइन करते. मग एकच परिच्छेद होतो, बॉक्स अरुंद केला की मजकूर आपोआप खाली वळतो. दोन मिनिटं.”

तिने कमांड दिली, वरपासून खालपर्यंत ओळी निवडल्या. खाली पट्टीवर आकडा आला – अकरा. तिने एंटर दाबले. सुट्या ओळी क्षणभर नाहीशा झाल्या आणि त्या जागी एकसंध परिच्छेद उभा राहिला.

त्यात माझी सातवी ओळ होती.

‘पूर्वेच्या बांधालगतची आठ फूट रुंदीची विहिरीकडील वाट व पाण्याची निम्मी पाळी हौसाबाई यांची निर्वेध व निरंतर राहील, तीस कोणीही, केव्हाही, कोणत्याही सबबीवर हरकत घेणार नाही.’

‘कोणीही, केव्हाही, कोणत्याही सबबीवर’ ही माझी स्वतःची रचना आहे. दुसरा कोणी असे लिहीत नाही. ती ओळ मी वाचली त्याच क्षणी खोलीत वास आला. विहिरीचा गाळ उपसताना तळाचा शेवटचा, काळा, तेलकट थर वर येतो – कुजलेला पाला, मेलेले खेकडे – तो वास. दुपारचे दोन वाजले होते, दार सताड उघडे, शेजारी वेल्डिंग चाललेले. रुक्सानाने पदर नाकाला लावला.

“गटार तुंबलं वाटतं,” ती म्हणाली. मग स्क्रीनकडे पाहून, “ही ओळ मी कधी टाइप केली?”

“केली नाहीस. काढ ती.”

तिने आधी सगळे मागे घेतले. परिच्छेद गेला, सुट्या ओळी परत आल्या. मोजल्या – अकरा. वाटेची ओळ नाही. पुन्हा एकत्र केल्या. ओळ आली. लपलेले थर असतात म्हणे, ते सगळे उघडून पाहिले, रिकामे. मग तिने परिच्छेदात शिरून ती ओळ हाताने खोडली, बॉक्स बंद केला. ओळ जागेवर. नवी फाईल उघडून, माझ्याकडून सगळे पुन्हा ऐकून, थेट परिच्छेदातच टाइप केले. बॉक्स बंद करेपर्यंत अकरा ओळींचा मजकूर; बंद केल्यावर ती मध्ये, जणू सुरुवातीपासून तिथेच होती. वास आता घशात बसला होता. मला दोनदा उमासा आला.

रुक्सानाने माउसवरचा हात काढला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

“काका, तुम्हीच सांगितली असेल.”

“मी सांगितली नाही.”

“मग मला सांगा – ही ओळ जास्तीची आहे हे तुम्हाला कसं कळलं?”

“म्हणजे?”

“मी नकाशा काढला, मला बाकीचं माहीत नाही. मला तर ही ओळ बाकीच्या ओळींसारखीच वाटते. उलट ती नसेल तर पुढच्या ओळीतलं ‘सदर वाट’ कुठली, तेच समजत नाही. तुम्ही बघितल्या बघितल्या ‘काढ’ म्हणालात. ओळखता तुम्ही तिला.”

तिच्या वयाच्या बाईने मला असे विचारावे, याचा मला राग यायला हवा होता. मी खिशातून रुमाल काढून तोंड पुसले.

“तू तुझे काम कर.”

“नाही करणार.” ती तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली, बहुधा दुवा. “प्रिंट देते, दोन्ही देते. फाईलला मी आता हात लावणार नाही. आणि काका, ही बाई कोण आहे मला माहीत नाही, पण तिची वाट तिला द्या.”

मी इतक्यावर ऐकणारा नव्हे. पेन ड्राइव्ह घेतला आणि जीपने घोडेगावला गेलो. तिथे संजू म्हणून एक ड्राफ्ट्समन आहे, आंबेगाव तालुक्यातली निम्मी घरे त्याच्या नकाशांवर उभी आहेत. त्याला मी रुक्सानाची फाईल दिलीच नाही. मजकूर तोंडी सांगितला, नव्या कोऱ्या फाईलमध्ये, त्याच्या फॉन्टमध्ये, त्याच्या मशीनवर. सुट्या अकरा ओळी. मग म्हणालो, “आता मल्टीलाइन कर.”

संजूने केले. वाचले. हसला.

“ओ भाऊसाहेब, तुमी तर जादूगार! ही मधली वळ कवा सांगितली? मला तर ऐकूच आली नाय.” मग त्याने नाक मुरडले. “आन् हा कसला वास मारतोय? तुमी मासं आणलं का काय?”

“काही नाही. राहू दे.”

“तुमच्या हातालाच येतोय राव.”

तेव्हा मी तर्जनी नाकाशी नेली. वास खोलीचा नव्हताच. तो माझ्या बोटाचा होता – मजकूर सांगताना जे बोट ओळीवर आडवे ठेवले होते, त्याचा.

परतीच्या जीपमध्ये माझ्या शेजारची बाई उठून मागे जाऊन बसली. घरी साबण, राख, चुना, लिंबू – सगळे झाले. मंडळी म्हणाली, “अहो, कशात हात घालून आलात?” मी म्हणालो, नाल्यात मोबाइल पडला होता. तिने ताट वाढले. मी भाकरीचा तुकडा मोडून तोंडाशी नेला आणि तसाच ठेवला. ज्या हाताने लोकांची गाऱ्हाणी लिहिली तो हात मला माझ्या ताटात नकोसा झाला. त्या रात्री डाव्या हाताने चार घास खाल्ले, तेही बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सह्या होत्या. आता हे स्पष्ट लिहितो, कारण पुढे लोकांनी माझ्याविषयी भलते गैरसमज करून घेतले. मी काही धैर्य दाखवायचे ठरवले नव्हते. माझ्या पिशवीत दोन प्रिंट होत्या. मोठा कागद, त्यात वाट नाही. लहान कागद, त्यात वाट आहे. कचेरीत लागणार होता लहान. मोठा कापून, दुमडून बसवता येईल का, हे मी सकाळी कात्री घेऊन पाहिलेसुद्धा. पण त्या मोठ्या कागदाला बोट लावले की तोच वास उठत होता. शेवटी लहान कागद काढला तो ओकारीमुळे.

हौसाबाई आल्या. बारीक अंगाची, कपाळावर गोंदण असलेली बाई. पायांत मुलाची चप्पल, मोठी होत होती. दोन साक्षीदार. किसन नवा शर्ट घालून आला होता. माझ्याकडे पाहून त्याने एक डोळा बारीक केला.

मी वाचू लागलो. पहिल्या सहा ओळी झाल्या. सातवी आली. मी ती मोठ्याने वाचली – पूर्वेचा बांध, आठ फूट, निर्वेध व निरंतर, कोणीही, केव्हाही, कोणत्याही सबबीवर. वाचताना मी किसनकडे बघितले. त्याच्या चेहऱ्यावर काय असावे? तो खूश होता. मान डोलावत होता. त्याच्या लेखी मी हुकुमाप्रमाणे न लिहिलेलेच वाचत होतो. “वा, वा,” तो म्हणाला, “काय वाचत्यात भाऊसाहेब! ऐकतच ऱ्हावं.”

सगळे वाचून झाले. शाईचा पॅड पुढे केला. हौसाबाईंनी अंगठा पुढे केला नाही.

“भाऊ, माज्या वाटंचं कुठं लिवलंय?”

“वाचले ना आता.”

“आयकलं. लई चांगलं वाचलं तुमी. पर बघू द्या मला. वाचाया येत न्हाई, पर जागा तर कळंल. घरी गेल्याव सुनंला बोट ठिवून दावीन, ही बग, ही आपली वाट.”

साक्षीदार हसले. किसन तर मोठ्याने हसला. गुटख्याचा थेंब त्याच्या हनुवटीवर आला, तो त्याने नव्या बाहीला पुसला.

“दावा की भाऊसाहेब! दावा वहिनीला वाट. कुठंबी ठिवा बोट, तिला काय!”

मी सव्वीस वर्षांत हजारो लोकांना वाचून दाखवले. ‘ओळ कुठे आहे’ असे कोणी विचारले नव्हते. जर माझ्यापुढे तो मोठा कागद असता, तर मी या बाईचे बोट धरून दुसऱ्याच कुठल्यातरी ओळीवर ठेवले असते. ठेवले असते, हे मला पक्के माहीत आहे. माझा आवाजही बदलला नसता. या विचाराने जी किळस आली ती गाळाच्या वासाहून वाईट होती, आणि ती साबणाने जाणारी नव्हती.

मी सातव्या ओळीवर बोट ठेवले. “ही. इथून इथपर्यंत.”

त्यांनी आपले बोट त्या ओळीवरून सावकाश फिरवले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मग खाली अंगठा उठवला. किसनने सही केली – कागदाकडे न बघता, साक्षीदाराशी बोलत बोलत, लांबलचक रेघ ओढून. ज्याला लबाडीत भागीदार मिळाला आहे त्याला कागद वाचायची गरज वाटत नाही. ‘वाचून दाखवला, समजला, मान्य’ असे लिहून मी माझे नाव घातले.

त्या दिवशी संध्याकाळी वास गेला. कधी गेला ते कळले नाही.

पेरणीच्या सुमारास किसनने पूर्वेच्या बांधावर बाभळीच्या फांद्या टाकल्या. हौसाबाई नकाशाची प्रत घेऊन गेल्या. ती चौघांसमोर वाचली गेली, फांद्या उचलाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी किसन माझ्या टेबलाशी उभा. आज तोंडात काही नव्हते. ओठ कोरडे पडले होते.

“भाऊसाहेब, आपलं काय ठरलं व्हतं?”

“काय ठरले होते?”

“वाचायचं ठरलं व्हतं! आन् तुमी…” आजूबाजूचे अर्जवाले कान टवकारून बसले होते. “तुमी जे वाचलं, तेच लिवलं की वो! आसं करत्यात का? मानूस हाय का कोन तुमी?”

सगळे आवार हसले. मला हसू आले नाही. सव्वीस वर्षांत माझ्यावर झालेला हा एकमेव आरोप असा होता की मी वाचले तेच कागदात लिहिले – आणि तोही खोटा होता. कारण ते मी लिहिलेच नव्हते.

यादी लागली, तीत माझे नाव नव्हते. आता मी स्टँडसमोर एका झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसतो. ऊन येते. चालते.

रुक्सानाकडे ती फाईल आहे. माझ्या आग्रहावरून तिने एकदाच उघडली. सुट्या ओळींची फाईल – अकरा. एकत्र केलेली – तीच ओळ मध्ये. कॅड शिकवणाऱ्या एका गृहस्थांना दाखवली. त्यांनी तासभर खटपट केली आणि म्हणाले, सॉफ्टवेअर आपल्या मनाने मजकूर तयार करत नाही. कोणीतरी टाइप केला असणार. कोणी, ते त्यांनी सांगितले नाही. डिंगोऱ्यात काही लोक म्हणतात, हौसाबाईंच्या यजमानांचे काम. परंतु ते गृहस्थ निरक्षर होते, कॉम्प्युटर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, आणि माझ्या कच्च्या कागदातला शब्द न् शब्द त्यांना कळण्याचे कारण नाही. तो कागद माझ्याशिवाय कोणी वाचला नव्हता, आणि त्याची राख मी पाहिली आहे. त्यामुळे हे स्पष्टीकरण मी फेटाळतो. दुसरे माझ्याजवळ नाही.

गेल्या आठवड्यात हौसाबाई जुन्नरच्या बाजाराला आल्या होत्या. शोधत शोधत पायरीपाशी आल्या, पिशवीतून गवारीच्या शेंगा काढून माझ्या कागदांवर ठेवल्या.

“आपल्या पान्यावरची हाय. तुमी व्हता म्हणून, भाऊ.”

मी सांगणार होतो की बाई, मी नव्हतो. मी तर तुमची ओळ बोटाखाली दाबून ठेवली होती. पण मग त्यांनी साहजिकच विचारले असते, “मग कोन व्हतं?” आणि त्याचे नाव, वय, राहण्याचे ठिकाण मला सांगता आले नसते. मी शेंगा घेतल्या. त्या गेल्यावर शेजारच्या भाजीवालीला देऊन टाकल्या.